शुक्रवारचा सातवा तास

आमच्या परिचयाच्या एका माध्यमिक शाळेने नववीच्या विद्यार्थ्यांसाठी एक नवा ऐच्छिक विषय सुरू केला आहे. विषयाचे नाव ‘जीवनकौशल्ये व समावेशकता’. शुक्रवारी सातव्या तासाला मुलांनी संगणक, चित्रकला, मैदान किंवा हा विषय यांतून एक निवडायचा. परीक्षा नाही, गुण नाहीत. पालकांची लेखी संमती मात्र हवी. मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला एक तास पाहायला बोलावले आणि ‘संशोधकाच्या नजरेला काय दिसते ते मोकळेपणाने सांगा’ असे सुचवले. मोकळेपणाने सांगायची परवानगी मिळाली की आम्ही जरा जास्तच सांगतो, हे त्यांना ठाऊक नसावे. शाळा चांगली आहे, तास घेणाऱ्या बाई मनापासून काम करणाऱ्या आहेत, आणि असे तास आता पुष्कळ शाळांतून होतात. तेव्हा पुढील टीका त्या एका शाळेवर नाही, या तासामागच्या कल्पनेवर आहे.

त्या दिवशीचा विषय होता ‘दृष्टिहीनांचे जग’. मुलांच्या जोड्या केल्या. एकाच्या डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि दुसऱ्याने त्याला वर्गातून जिन्यापर्यंत न्यायचे, असा खेळ. हशा झाला, ठेचा लागल्या, एक मुलगी बाकावर जोरात आपटली. दहा मिनिटांनी रुमाल सुटले आणि बाईंनी विचारले, ‘काय वाटले?’ उत्तरे भराभर आली. ‘भीती वाटली.’ ‘काहीच करता येत नाही.’ ‘बिचारे कसे जगत असतील!’ या शेवटच्या उत्तराला शाबासकी मिळाली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत शब्द उमटला : समानुभूती.

आम्हाला मात्र ती नुसती दया वाटली. हा केवळ आमच्या मनाचा कल नव्हे. या खेळाची परीक्षा प्रयोगाने झालेली आहे. अमेरिकेत सिल्व्हरमन, ग्विन आणि व्हॅन बोव्हेन या मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना डोळे बांधून कामे करायला लावली, इतरांना तसे केले नाही. नंतर दोघांनाही विचारले, की दृष्टिहीन माणसे नोकरी करणे, स्वतंत्रपणे राहणे अशा गोष्टी कितपत करू शकत असतील? डोळे बांधून घेतलेल्यांनी दृष्टिहीनांची क्षमता कमी आखली. म्हणजे ज्या खेळाने आदर वाढावा अशी अपेक्षा, त्याने तो घटवला. (या तिघांतील सिल्व्हरमनबाई स्वतः दृष्टिहीन आहेत, हे सांगण्याजोगे आहे.) २०१७ साली नारिओ-रेडमंड व सहकाऱ्यांनी केलेल्या अशाच अभ्यासातही या खेळांनंतर लोकांच्या मनात असहायता आणि कीव वाढलेली आढळली.

कारण विचार केला तर सोपे आहे. पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलले तर त्याला पोहणाऱ्याचा अनुभव मिळत नाही, बुडणाऱ्याचा मिळतो. रुमाल बांधलेल्या मुलाला दृष्टी गेल्यावरच्या पहिल्या दहा मिनिटांचा अनुभव येतो. काठीने जमीन वाचायला शिकलेल्या, आवाजावरून खोलीचा आकार ओळखणाऱ्या, पडदा वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने संगणक चालवणाऱ्या माणसाच्या दहाव्या वर्षाचा अनुभव त्याला येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अडचण डोळ्यांत आहे एवढेच त्याच्या मनावर ठसते. अडचण जिन्यात आहे, नियमात आहे, पुस्तकाच्या छपाईत आहे हे त्याला दिसत नाही. दिल्लीतील एका दृष्टिहीन विद्यार्थ्याला अकरावीला विज्ञान शाखा घेण्यासाठी केंद्रीय मंडळाशी झगडावे लागले होते. परवानगी मिळाल्यावर २०१३ मध्ये तो बारावीला नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवून उत्तीर्ण झाला आणि पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकशास्त्र शिकला. त्याच्या वाटेत उभा असलेला अडथळा रुमाल बांधून कळणारा नव्हता. तो कागदावर होता.

तास संपल्यावर आम्ही शाळा पाहिली. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे, रॅम्प फक्त कार्यालयापर्यंत आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने अपंगत्वाचे प्रकार पूर्वीच्या ७ वरून २१ केले, ते सर्व प्रकार एका सुरेख तक्त्यावर लिहून जिन्याच्या वळणावर टांगलेले आहेत. तक्ता वाचायचा तर जिना चढावा लागतो.

आता ‘जीवनकौशल्ये’ या शब्दाकडे वळू. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी डी.एड. केले आहे त्यांना दहा गाभाघटक, दहा मूल्ये आणि दहा जीवनकौशल्ये ही त्रयी झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. या दहा कौशल्यांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात शाळांसाठी काढलेल्या पुस्तिकेतून आली : स्वतःची ओळख, समानुभूती, निर्णय घेणे, समस्या सोडवणे, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, परिणामकारक संवाद, परस्परसंबंध, भावनांना आणि ताणाला तोंड देणे. मुळात ही यादी पाठ करण्यासाठी नव्हती. या विचाराच्या मुळांपैकी एक फार जमिनीवरचे आहे. न्यूयॉर्कमध्ये गिल्बर्ट बॉट्विन यांनी १९८० च्या सुमारास शाळकरी मुलांनी सिगारेट ओढू नये यासाठी एक कार्यक्रम आखला. ‘सिगारेट वाईट’ हे सांगून मुले थांबत नाहीत, मित्राला ‘नको’ कसे म्हणायचे हे त्यांना करून पाहावे लागते, असे त्यांचे म्हणणे होते. साध्य स्पष्ट होते आणि मोजता येण्याजोगे होते : किती मुले सिगारेट ओढू लागली? आपल्याकडे येईपर्यंत साध्य गळून पडले आणि यादी उरली. शिक्षक पात्रता परीक्षेच्या तयारीत उमेदवार ‘पुढीलपैकी कोणते जीवनकौशल्य नाही?’ असला प्रश्न चार पर्यायांतून सोडवतात, तेव्हा चिकित्सक विचाराचेही पाठांतर झालेले असते. पोहण्याच्या चार प्रकारांची नावे लिहून घेऊन पोहण्याचे प्रमाणपत्र द्यावे, तसे हे झाले.

हा कार्यक्रम चालतो की नाही हे कसे ठरवायचे, या प्रश्नावर आम्ही थोडे रेंगाळणार आहोत, कारण ‘ऐच्छिक’ या शब्दातील खरी खोच इथे आहे. त्या शाळेने वर्षअखेर मुलांकडून अभिप्राय भरून घेतले होते. ते उत्तम होते. बहुतेकांनी आत्मविश्वास वाढल्याचे लिहिले होते. पण हा विषय घेतला कोणी? बाईंनीच सांगितले, की वक्तृत्वात भाग घेणाऱ्या, घरी बोलायला मोकळीक असलेल्या मुली जास्त आल्या. वर्गातल्या एका मुलाला त्याच्या बोलण्याच्या ढबीवरून इतर मुले चिडवतात. त्याने मैदान घेतले, कारण मैदानात कोणी बोलायला लावत नाही. त्याला चिडवणाऱ्यांनीही मैदानच घेतले. ज्यांच्यासाठी तास योजला ते दोन्ही पक्ष शुक्रवारी सातव्या तासाला एकत्र होते, फक्त वर्गाबाहेर, आणि समानुभूतीचा पाठ आत चालला होता.

शेतीचे उदाहरण घेऊ. नव्या खताची परीक्षा करायची आहे आणि आपण गावात दवंडी दिली, की ज्यांना हवे त्यांनी न्यावे. नेणारे कोण असतील? ज्यांची जमीन बरी आहे, विहिरीला पाणी आहे, नवे काही करून पाहण्याची ऐपत आहे ते. सुगीला त्यांचे पीक इतरांपेक्षा भरघोस येईल. ते खतामुळे आले की विहिरीमुळे? विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात रोनल्ड फिशर यांनी याला उत्तर शोधले : कोणत्या वाफ्याला खत द्यायचे हे शेतकऱ्याने नाही, संशोधकानेही नाही, चिठ्ठीने ठरवायचे. आपल्या ऐच्छिक तासाच्या अभिप्रायपत्रांत खत आणि विहीर वेगळे करता येत नाहीत. ऐच्छिकपणा ठेवला, की कार्यक्रमाचे मूल्यमापन पहिल्या दिवशीच अशक्य होते. हे कोणी मुद्दाम करत नाही, पण सोयीचे मात्र पडते.

मोठमोठे संशोधकही या चुकीतून सुटलेले नाहीत. बॉट्विन यांच्या कार्यक्रमाची दूरगामी पाहणी १९९५ मध्ये अमेरिकेच्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आली. ५६ शाळा होत्या, त्या चिठ्ठीनेच वाटल्या होत्या, आणि निष्कर्ष अनुकूल होता. पण त्यातील सर्वांत ठळक परिणाम अशा मुलांचे होते, ज्यांच्यापर्यंत कार्यक्रमाचा बराचसा भाग खरोखर पोहोचला होता. डेनिस गॉरमन यांच्यासारख्या टीकाकारांनी यावर बोट ठेवले. ज्या वर्गात कार्यक्रम नीट पार पडतो तो वर्ग आधीच नीट चाललेला असतो, तेव्हा तेवढेच वेगळे काढले की चिठ्ठीचा फायदा हातचा गेला. आम्हाला ही टीका पटते. कार्यक्रम अगदी निरुपयोगी ठरला असे नव्हे, पण परिणामाचा आकार किती, याची खात्री उणावली. त्याच काळात लॉस एंजेलिसहून निघालेला ‘डेअर’ हा पोलिसांनी वर्गात येऊन घेण्याचा कार्यक्रम अमेरिकाभर पसरला होता. त्याच्या मूल्यमापनांचा १९९४ मध्ये एकत्र हिशेब केला तेव्हा अमली पदार्थांच्या वापरावरील परिणाम जेमतेम आढळला. मुलांना, पालकांना, पोलिसांना तो आवडत होता, ही गोष्ट निराळी.

अगदी अलीकडचे दोन दाखले भराभर सांगून टाकतो. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर ‘सजगते’च्या तासांची चाचणी झाली, २०२२ मध्ये निष्कर्ष आला, की नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मानसिक आरोग्यात काही अधिक लाभ झाला नाही. ऑस्ट्रेलियात भावनांना तोंड देण्याची कौशल्ये आठ तासांत शिकवण्याचा प्रयोग झाला. २०२३ च्या अहवालानुसार तास घेतलेल्या मुलांची स्थिती लगेचच्या मोजणीत तास न घेतलेल्यांपेक्षा किंचित वाईटच होती, आणि आईवडिलांशी त्यांचे नाते बिघडल्याचे दिसले. ज्यांनी शिकलेले घरी करून पाहिले त्यांचे बरे झाले. पण असे करणारे थोडे. ‘निदान अपाय तर नाही ना’ हे वाक्य शिक्षणात आपण फार सहज वापरतो. तेही तपासावे लागते.

परदेशी उदाहरणांनी वाचक कंटाळले असतील, आणि त्यांचे बरोबर आहे. आपल्याच देशातील एक प्रयोग या विषयावर आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि मराठी शिक्षकांपर्यंत तो पोहोचलेला दिसत नाही. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात तो केला. प्रयोगाचे नाव ‘सेहेर’. जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळा चिठ्ठीने तीन गटांत वाटल्या. नववीच्या मुलांसाठी राज्याचा जीवनकौशल्यांचा वर्गातील कार्यक्रम तिन्ही गटांत होता. पहिल्या गटात तेवढाच. दुसऱ्या गटात त्याशिवाय प्रत्येक शाळेत एक ‘सेहेर मित्र’ नेमला : समुपदेशनाची पदवी नसलेला, पण कामाचे प्रशिक्षण दिलेला माणूस, ज्याचे शाळेत हेच काम. तिसऱ्या गटात हेच सगळे काम, त्याच आराखड्याने, शाळेतील एका शिक्षकाकडे प्रशिक्षण देऊन सोपवले.

काम काय होते ते पाहण्यासारखे आहे, कारण त्यात ‘तास’ फार थोडा होता. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी बोलणे, भित्तिपत्रक, स्पर्धा, मनातले लिहून टाकण्याची एक पेटी आणि पेटीत आलेल्या गोष्टींवर पुढे काय केले हे सर्वांना कळवणे, शाळेची एक समिती, मुलांचे गट, आणि ज्याला गरज आहे त्याच्याशी एकट्याने बोलणे. मोजले ते मुख्यतः शाळेचे वातावरण : शिक्षकांशी नाते, शाळा आपली वाटणे, आणि अशाच गोष्टी. शिवाय उदासीनतेची लक्षणे, दांडगाई, मारहाण, स्त्री-पुरुष समतेबद्दलची मते.

आठ महिन्यांनंतरचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सेहेर मित्र असलेल्या शाळांत वातावरण मोठ्या प्रमाणात सुधारले, उदासीनता आणि दांडगाई कमी झाली, समतेची मते बळावली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत नुसत्या वर्गकार्यक्रमाच्या तुलनेत काही फरक पडला नाही. प्रयोग आणखी एक वर्ष चालवला, २०२० मध्ये त्याचाही अहवाल आला. मित्र असलेल्या शाळांतील सुधारणा आणखी वाढली होती, आणि शिक्षकांच्या गटात पुन्हा काही नाही.

इथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे. वर्गातील जीवनकौशल्यांचा कार्यक्रम व्यर्थ आहे असे या प्रयोगातून सिद्ध होत नाही, कारण तो तिन्ही गटांत होता. त्याला तुलनाच नव्हती. सिद्ध एवढेच होते, की तो असूनही सुधारण्यासारखे पुष्कळ शिल्लक राहिले होते आणि ते वर्गाबाहेरच्या कामाने सुधारले. शिवाय एका जिल्ह्यातील सरकारी शाळांचा हा अनुभव कोल्हापूरच्या अनुदानित शाळेला जसाच्या तसा लागू होईल, असेही आम्ही म्हणणार नाही.

पण शिक्षकांच्या गटाचे काय? हे मासिक शिक्षकांसाठी आहे, आणि हा भाग वगळून पुढे जाणे आम्हाला शोभणार नाही. शिक्षक कमी पडले, असा अर्थ आम्ही लावत नाही. आमच्या मते त्यांना जे काम दिले ते त्यांच्या जागेवरून करताच येणारे नव्हते. आपल्याकडच्या कोणत्याही शिक्षकाचा आठवडा पाहा : निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, पोषण आहाराचे हिशेब, संगणकावर भरायची माहिती, आणि उरलेल्या वेळात शिकवणे. त्यात ‘मुलांचा मित्र’ हे आणखी एक काम. यापेक्षाही खोल अडचण अशी, की शिक्षकाच्या हातात गुण असतात, कधी छडीही असते. मुलाची तक्रार एखाद्या सरांबद्दल असेल, आणि पेटीची किल्ली त्याच सरांच्या शेजारी बसणाऱ्या बाईंच्या पर्समध्ये असेल, तर चिठ्ठी कोण टाकेल? प्रयोगशाळेत आम्ही याला उपकरणाचा दोष म्हणतो. तापमापक ज्या द्रवाचे तापमान मोजायचे त्याच्याशी उष्णतेची देवघेव करतो. द्रव थोडा असेल तर वाचन बिघडते. यात तापमापकाची नालायकी नसते, तो चुकीच्या ठिकाणी वापरलेला असतो.

असे असूनही २०२० च्या फेब्रुवारीत आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्याचा जो देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला, त्यात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमून ११ विषय आठवड्याला एका तासाने शिकवण्याची योजना आहे. विषय चांगले आहेत. पण जो रस्ता दोन वर्षे मोजून निष्फळ दिसला होता तोच निवडला गेला. प्रत्येक शाळेत वेगळा माणूस नेमायला पैसा लागतो, हे आम्हाला कळते. मग तसे सांगावे. ‘पैसा नाही म्हणून शिक्षकांना सांगतो’ हे एक विधान झाले, ‘शिक्षक हेच योग्य आहेत’ हे दुसरे. पहिल्यावर निदान वाद घालता येतो.

या तासाच्या बाजूने एक गोष्ट खरोखर बोलण्यासारखी आहे. पाळी, शरीरातील बदल, स्पर्शाची ओळख, याविषयी घरी कोणी बोलत नाही, आणि अशा तासात निदान तोंड फुटते. केंद्राने २००५ मध्ये आणलेला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी गदारोळानंतर थांबवला. तेव्हापासून शाळा हा विषय जपून हाताळतात, आणि आमचा कयास असा, की ‘ऐच्छिक’ व ‘पालकांची संमती’ या दोन कुंपणांचे एक कारण तेच असावे. पण ही माहिती म्हणजे कौशल्य नव्हे, ते सरळ जीवशास्त्र आहे. त्याची जागा विज्ञानाच्या तासाला आहे, सर्वांसाठी, सक्तीने. ज्या घरातील मुलीला ते ऐकण्याची सर्वाधिक गरज, त्याच घरातून संमतीचा कागद कोरा परत येतो.

समावेशकतेकडे परत येऊ. ती शिकवता येते का? एका अर्थाने येते, पण फळ्यावर नाही. दिल्लीत २००७ पासून अनेक खाजगी शाळांना गरीब घरांतील मुलांना मोफत प्रवेश देणे भाग पडले. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हीच २५ टक्के जागांची तरतूद देशभर आली. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी याचा फायदा घेऊन श्रीमंत मुलांवर काय परिणाम झाला ते तपासले. २०१९ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांची एक युक्ती शिक्षकांना आवडेल. काही शाळांत वर्गातील अभ्यासगट नावाच्या आद्याक्षरांच्या क्रमाने केलेले असत. म्हणजे कोणता श्रीमंत मुलगा गरीब मुलाच्या गटात बसणार, हे केवळ हजेरीपटाने ठरले. फिशरची चिठ्ठी इथे बारशालाच टाकली गेली होती.

आढळले ते असे. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले पैसे वाटण्याच्या खेळात अधिक उदार झाली. धावण्याच्या शर्यतीसाठी जोडीदार निवडायचा होता, तेव्हा हळू धावणारा श्रीमंत मुलगा की वेगाने धावणारा गरीब मुलगा, या पेचात त्यांनी भेदभाव कमी केला. बक्षिसाची रक्कम मोठी असली की सगळ्यांचाच भेदभाव कमी होतो, हेही दिसले. पैशापुढे जात-वर्ग थोडा वेळ विसरतात, हा आपल्यालाही अनुभव आहे. किंमत काही पडली का? इंग्रजीचे गुण किंचित घटले, हिंदी व गणितात फरक नाही, आणि शिक्षकांच्या मते वर्गात वाईट शब्द थोडे वाढले. आम्हाला हा सौदा फार स्वस्त वाटतो. या मुलांना समानुभूतीचा तास घ्यावा लागला नाही. ती शेजारी बसली, एवढेच.

ज्याला समावेशकतेची खरी तळमळ आहे त्याने म्हणूनच फेब्रुवारी २०२४ कडे लक्ष द्यायला हवे होते. महाराष्ट्र शासनाने त्या महिन्यात नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के प्रवेशांतून सूट दिली. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नसलेली खाजगी शाळा शोधूनच काढावी लागेल. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द केला. मधल्या पाच महिन्यांत समावेशकतेचे तास घेणाऱ्या शाळांपैकी कोणी या बदलाविरुद्ध बोलल्याचे आमच्या तरी कानावर आले नाही.

आम्ही मुख्याध्यापिकाबाईंना लिहून पाठवले त्यात यातील बराच भाग होता, आणि शेवटी काही साध्या सूचना होत्या. रुमालाचा खेळ बंद करावा. त्याऐवजी एखाद्या दृष्टिहीन शिक्षकाला किंवा बँकेतल्या कर्मचाऱ्याला बोलावून त्यांनी आपले काम करून दाखवावे, आणि मुलांनी शाळेच्या इमारतीत त्यांना कुठे अडते ते त्यांच्याबरोबर फिरून नोंदवावे. पेटी ठेवायची तर किल्ली शाळेबाहेरच्या कोणाकडे असावी आणि दर महिन्याला काय केले ते फळ्यावर लिहावे. विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाचे गट मुलांच्या मर्जीने नाही, हजेरीपटाने करावेत. आम्ही त्या दिवशी आठव्या तासाचे प्रात्यक्षिकही पाहिले होते. जिथे मुलगे-मुली एका टेबलाशी होते, तिथे बहुधा मुलगा ब्युरेट धरून होता आणि मुलगी वाचने लिहून घेत होती. सातव्या तासाला यातल्याच काही मुलींनी ‘स्त्री-पुरुष समता’ या विषयावर घोषवाक्ये लिहिलेली होती, ती बाहेरच्या भिंतीवर आम्ही वाचली.

बाईंचे उत्तर आले आहे. प्रयोगशाळा खाली आणणे दोन वर्षे तरी जमणार नाही, कारण पाण्याचे नळ आणि गॅसची जोडणी वरच आहे. पेटीच्या किल्लीबाबत शाळा समितीत मतभेद आहेत. प्रात्यक्षिकाचे गट मात्र जूनपासून हजेरीपटाप्रमाणे करू, असे त्या लिहितात, आणि विचारतात, की फरक पडला हे कसे कळणार? आम्ही सुचवले आहे, की गट बदलण्याआधीच्या चार प्रात्यक्षिकांत दर पाच मिनिटांनी उपकरण कोणाच्या हातात आहे याची एका मुलाने नुसती खूण करत जावे, आणि बदलानंतरच्या चार प्रात्यक्षिकांत पुन्हा तेच. कोष्टक आखून पाठवले आहे. ज्या शिक्षकांना आपल्या शाळेत हे करून पाहायचे असेल त्यांनी जरूर कळवावे. कोष्टकाच्या प्रती पाठवू.